मोह-बकुळीचे गोत

नीट न पिकलेला चिकू खाल्ला की ओठ चिकटतात आणि जीभ आखडते. उन्हाळ्यात टोपलीतून विकायला येणाऱ्या पिवळ्या खिरण्या चार जास्त खाल्ल्या तरी तेच. मोहाची कोवळी डहाळी मोडली किंवा बकुळीचे कच्चे फळ नखाने टोकरले तरी तसाच पांढरा चीक वर येतो. ही चारही झाडे एकाच कुळातली आहेत, हे मात्र फारसे कोणाच्या लक्षात येत नाही. चिकू आपल्या लेखी बागायतीतला, बकुळ कवितेतली, मोह जंगलातला आणि खिरणी तर शहरी बाजारातून जवळजवळ उठलेलीच. वनस्पतिशास्त्र मात्र या सगळ्यांना सॅपोटेसी कुळात एका पंगतीला बसवते. मराठीत मोहाच्या संस्कृत नावावरून त्याला मधूक कुळ म्हणतात.

कुळ मोठे आहे. सुमारे 60 प्रजाती आणि बाराशेंहून अधिक जाती आशिया, आफ्रिका आणि अमेरिकेच्या उष्ण पट्ट्यांत पसरलेल्या आहेत. बहुतेक सगळी झाडेच, थोडी झुडपे. वाढ सावकाश, लाकूड कठीण, आयुष्य मोठे. चहा आणि हिमालयातला बुरांश हे त्यांचे लांबचे भाऊबंद. माणसाने या कुळाकडून मुख्यतः तीन गोष्टी घेतल्या. खोडातला चीक, बियांतली चरबी आणि फुला-फळांतली साखर. या तिन्हींचा इतिहास एकत्र ठेवून पाहिला, तर कोणी काय घेतले यापेक्षा कसे घेतले यानेच झाडाचे भवितव्य ठरलेले दिसते. फळाला यायला पंधरा-वीस वर्षे लावणाऱ्या झाडाशी घाईचा व्यवहार जमत नाही. ज्यांना ते कळले त्यांना ही झाडे पिढ्यान्‌पिढ्या पुरली. महाराष्ट्रापुरते बोलायचे, तर या कुळातले आपले सर्वांत मोलाचे झाड मोह आहे आणि त्याच्याशीच आपण सर्वांत वाईट वागलो आहोत, असे माझे मत आहे. त्याकडे येण्याआधी बाकीच्या गोताची ओळख करून घेऊ.

पाने साधी, अखंड कडांची, एकाआड एक, पण बहुधा फांदीच्या टोकाशी दाटी करून आलेली. मोहाखाली उभे राहून वर पाहिले की पानांचे हे झुबके लगेच दिसतात. कळ्या, फुलांचे देठ आणि कोवळी पाने यांच्यावर तांबूस-तपकिरी लव असते. साध्या भिंगातून पाहिले तर या लवेतल्या केसाला मधोमध आखूड देठ आणि दोन्हीकडे पसरलेले दोन हात दिसतात. झाडाला फूल-फळ काही नसेल तेव्हा तज्ज्ञ या केसांवरून आणि चिकावरून कुळ ओळखतात. खात्रीचा पुरावा मात्र बीच. कठीण, गुळगुळीत, पॉलिश केल्यासारखे चकचकीत तपकिरी-काळे बी आणि त्याच्या एका अंगाला फिकट, खरबरीत व्रण. बी फळाला जिथे चिकटलेले असते ती ही जागा. चिकूच्या बीला हा व्रण कडेने लांब पट्टीसारखा असतो आणि टोकाला बारीक आकडी असते. लहान मुलांना चिकू देताना बी काढून द्यायचे ते या आकडीसाठी. तीच घडण मोहाच्या आणि बकुळीच्या बीतही सापडते, व्रणाचा आकार तेवढा वेगळा.

फुलाची रचना पाहायची तर बकुळीचे फूल घ्यावे. पहाटे झाडाखाली सडा पडतो, त्यातले एक तळहातावर ठेवले की चोवीस पाकळ्यांचे चांदणीसारखे फूल वाटते. प्रत्यक्षात पाकळ्या आठच. प्रत्येकीला पाठीमागून दोन उपांगे फुटलेली असतात, म्हणून तिप्पट दिसतात. त्या तळाशी एकमेकींना जोडलेल्या आणि पुंकेसर त्यांनाच चिकटलेले. फूल गळते तेव्हा हा सगळा साज एकसंध खाली येतो आणि बीजकोश मात्र वर झाडालाच राहतो. त्यामुळे गळालेल्या फुलाच्या मधोमध आरपार भोक असते. कोकणातल्या पोरी सुईशिवाय, केळीच्या सोपाच्या दोऱ्यात ओवळाची वेणी ओवतात त्या या भोकाच्या जोरावर. बकुळीला कोकणात ओवळ म्हणतात आणि गोव्यात ओंवळां. फूल सुकले तरी वास टिकतो, हा तिचा लौकिक सर्वांना ठाऊक आहे. साल तुरट असल्याने दंतमंजनात जाते आणि पिवळसर-केशरी फळे पिठूळ, पण खाण्याजोगी असतात. बकुळीवर याहून जास्त लिहायची गरज नाही. तिच्यावर कवींनी पुष्कळ लिहून ठेवले आहे.

गळणारी फूलनळी आणि झाडावर राहणारा बीजकोश ही गोष्ट तेवढी लक्षात ठेवावी. मोहाच्या सगळ्या अर्थकारणाची किल्ली तिच्यात आहे.

आता चीक. चिकूचे मूळ घर दक्षिण मेक्सिको आणि मध्य अमेरिका. तिथल्या माया लोकांना त्याचे फळ, लाकूड आणि चीक तिन्हींचा उपयोग माहीत होता. ग्वाटेमालातल्या तिकाल इथल्या आठव्या शतकातल्या देवळांच्या दारांवर चिकूच्या लाकडाच्या कोरीव तुळया बसवल्या होत्या. पावसाळी अरण्यात हजार वर्षे राहूनही त्या कुजल्या नाहीत. त्यांतल्या काही आज स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या संग्रहालयात आहेत. चीक उकळून घट्ट केला की जो गोळा होतो त्याला चिकल म्हणतात आणि तो चघळायची त्या मुलखात जुनी रीत होती. 1860 च्या दशकात मेक्सिकोचा पदच्युत सेनानी सांता ॲना न्यूयॉर्कजवळ येऊन राहिला, तेव्हा त्याच्यामार्फत हा चिकल टॉमस ॲडम्स याच्या हाती पडला. ॲडम्सला त्याचे रबर करायचे होते. ते काही जमले नाही, म्हणून त्याने तो चघळायला विकायला काढला आणि 1871 मध्ये त्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. च्युइंगम म्हणून जग पुढे जे चघळत राहिले, त्याचा पाया अनेक दशके चिकूचा चीक हाच होता.

तो काढणारे चिक्लेरो पावसाळ्यात जंगलात मुक्काम करत, कमरेला दोर बांधून झाडावर चढत आणि कोयत्याने खोडावर नागमोडी चिरा पाडत. चीर सालीपुरती राहिली तर झाड जगते, पण पुढची काही वर्षे त्याला विसावा द्यावा लागतो. मागणी वाढली तसा तो विसावा कमी झाला, चिरा खोल गेल्या आणि पुष्कळ झाडे मेली. या चिक्लेरोंनीच अरण्यात बुडालेल्या कित्येक माया वास्तू पुरातत्त्वज्ञांना दाखवल्या, हा त्या धंद्याचा एक अनपेक्षित लाभ. विसाव्या शतकाच्या मध्याला पेट्रोलियमपासून गमचा पाया तयार होऊ लागला आणि चिकलचा बाजार कोसळला.

गटापर्चाची कथा याहून कठोर आहे. मलाया, सुमात्रा आणि बोर्निओच्या जंगलात पॅलॅक्वियम गट्टा नावाचे याच कुळातले झाड होते. त्याचा चीक रासायनिक दृष्ट्या रबराचाच भाऊ, पण रेणूंची जोडणी वेगळी. त्यामुळे तो लवचीक राहत नाही. गरम पाण्यात मऊ होतो, हवा तो आकार घेतो आणि गार झाला की कडक होतो. मलायी कारागीर त्याच्या मुठी आणि चाबकाचे दांडे करत. 1840 च्या दशकात सिंगापूरमधल्या विल्यम माँटगोमेरी या डॉक्टरने त्याचे नमुने लंडनला पाठवले. खाऱ्या पाण्यात तो खराब होत नाही आणि विजेला अडवतो हे लवकरच ध्यानात आले. समुद्राखालून तारयंत्राची केबल टाकायची, तर तांब्याच्या तारेला आवरण कशाचे द्यायचे या अडलेल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. 1851 मध्ये इंग्लंड-फ्रान्स, 1866 मध्ये अटलांटिक. 1870 मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ या अवाढव्य जहाजाने मुंबईहून एडनपर्यंत केबल टाकली. मुंबईच्या कापूस व्यापाऱ्याला लिव्हरपूलचा भाव आठवड्यांऐवजी तासांत कळू लागला तो या चिकाच्या वेष्टनातून.

पण चिरा मारून या झाडातून फारसा चीक येत नाही. म्हणून झाडच आडवे करायचे, खोडाला ठरावीक अंतराने खाचा पाडायच्या आणि निघेल तेवढा चीक गोळा करायचा, अशी पद्धत पडली. सिंगापूर बेटावरची झाडे काही वर्षांतच संपली आणि कुऱ्हाडी पुढच्या बेटांकडे वळल्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला डचांनी पश्चिम जावात चिपेतिर इथे मळा केला आणि झाड न तोडता पानांतून गटापर्चा काढायची सोय केली. शहाणपण आले, पण उशिरा. 1933 मध्ये पॉलिथीनचा शोध लागला आणि केबलच्या दुनियेतून गटापर्चा हद्दपार झाला. चिपेतिरचे नाव छापलेल्या त्याच्या लाद्या बुडालेल्या जहाजांतून सुटून अजूनही युरोपच्या किनाऱ्यांना लागतात. एका ठिकाणी मात्र तो आजही टिकून आहे. दाताचे रूट कॅनल केल्यावर आतली पोकळी बुजवायला दंतवैद्य ज्या बारीक गुलाबी-केशरी काड्या वापरतात, त्या गटापर्चाच्याच असतात. दक्षिण सह्याद्रीच्या सदाहरित जंगलात, केरळ-कर्नाटकाच्या बाजूला, याच प्रजातीचे पॅलॅक्वियम इलिप्टिकम मुबलक आहे. त्याच्या चिकाला तो दर्जा नव्हता, हे त्याचे नशीब.

चिकापेक्षा चरबीचा व्यवहार झाडाला सोसवणारा आहे, कारण तिथे खोडाला हात लावावा लागत नाही. पश्चिम आफ्रिकेत सेनेगलपासून पूर्वेला युगांडापर्यंत सहाराच्या दक्षिणेचा जो कोरडा पट्टा आहे, त्यात शियाची झाडे शेताशेतांत उभी असतात. लावलेली नव्हे, राखलेली. शेत साफ करताना शिया तोडायची नाही, हा तिथला रिवाज. मंगो पार्क या स्कॉटिश प्रवाशाने अठराव्या शतकाच्या शेवटी तिचे वर्णन केले तेव्हाही हेच होते. बिया वेचणे, उकडणे, वाळवणे, फोडणे, भाजणे, दळणे आणि पाण्यात घुसळून लोणी वर काढणे ही सगळी कामे बायकांची. ते लोणी आज जगभरच्या क्रीममध्ये असते, पण त्याहून मोठा वाटा चॉकलेटमध्ये जातो. युरोपीय संघाच्या 2000 सालच्या नियमानुसार चॉकलेटमध्ये कोकोखेरीज सहा वनस्पतींची चरबी पाच टक्क्यांपर्यंत चालते. त्या सहांत शिया आहे आणि आपल्या ओळखीचे साल, कोकम आणि आंब्याची कोयही आहे. मोह नाही.

मोरोक्कोतल्या अर्गानची गोष्ट अधिक झगमगीत आहे. काटेरी झाड, त्यावर चढून फळे खाणाऱ्या बकऱ्यांची छायाचित्रे, आणि दगडाने बिया फोडून तेल काढणाऱ्या बायकांच्या सहकारी संस्था. तिथल्या अर्गानच्या प्रदेशाला युनेस्कोने 1998 मध्ये जीवावरणाचा राखीव प्रदेश ठरवले आणि 2014 मध्ये तेल काढण्याच्या परंपरेची वारशाच्या यादीत नोंद केली. नेपाळच्या डोंगरांत चिउरी आहे. तिच्या बियांतून तूप निघते, फुलांवर मधमाश्या पोसतात आणि चेपांग समाजात लेकीच्या लग्नात तिला चिउरीची झाडे आंदण देतात. झाडाची मालकी लेकीच्या नावावर करणारा समाज ते झाड तोडू देईल का?

फळांच्या बाबतीत अमेरिकेने या कुळाचे सर्वांत जास्त चोज केले. मामे, पेरूमधली लुकुमा, स्टार ॲपल ही सगळी तिकडची. आफ्रिकेकडे एक चमत्कारिक लाल फळ आहे. ते स्वतः विशेष गोड नसते, पण चघळून झाल्यावर लिंबू खाल्ले तर लिंबू गोड लागते. त्यातले मिराक्युलिन हे प्रथिन जिभेच्या गोड चवीच्या ग्राहकांना चिकटून बसते आणि आंबट पदार्थ आला की त्यांना चेतवते. साखरेला पर्याय म्हणून ते विकायचा घाट अमेरिकेत घातला गेला होता, पण 1974 मध्ये तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने परवानगी नाकारली.

आपल्याकडे फळाच्या रूपाने स्थिरावला तो चिकू. डहाणू-घोलवडच्या किनारपट्टीत त्याची लागवड एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी सुरू झाली असे सांगतात. पारशी-इराणी बागायतदारांनी ती वाढवली आणि वारली मजुरांच्या हातांनी ती उभी राहिली. कालीपत्ती ही तिथली मुख्य जात. परदेशी चिकूला आपल्या भूमीत पाय रोवून दिला तो त्याच्या इथल्या भावाने. चिकूची कलमे खिरणीच्या खुंटावर बांधतात. खिरणीची मुळे चिवट, कोरड्या हवेला न बधणारी. म्हणजे घोलवडच्या बहुतेक चिकूंचे मूळ अक्षरशः देशी आहे. फळ काढणीला आले की नाही हे रंगावरून कळत नाही. जाणता माणूस फळावरचा भुरका कोंडा बोटाने झटकतो आणि नखाने साल किंचित खरवडून पाहतो. आत हिरवे दिसले तर थांबायचे, पिवळसर दिसले तर तोडायचे. कच्च्या फळातला चीक आणि टॅनिन पिकताना कमी होत जातात, म्हणून गोडवा येतो तेव्हाच चिकटपणा जातो. 2016 मध्ये डहाणू-घोलवड चिकूला भौगोलिक मानांकन मिळाले. मिळायलाच हवे होते. पण ज्या खिरणीच्या खांद्यावर हा चिकू उभा आहे, तिची स्वतंत्र लागवड महाराष्ट्रात कितीशी होते? गुजरातेत पालिताण्याला शत्रुंजयावर आदिनाथांचे झाड म्हणून तिला जैन यात्रेकरू प्रदक्षिणा घालतात. आपल्याकडे ती नुसती खुंट होऊन राहिली.

आता मोह. माघ-फाल्गुनात त्याची पाने झडतात आणि उघड्या फांद्यांच्या टोकांना तपकिरी लव असलेल्या कळ्यांचे घोस लटकतात. मार्च-एप्रिलात रात्री फुले उमलतात. पाकळ्या नावालाच. त्या जोडून एक मांसल, फिकट पिवळसर, रसाने टच्च भरलेली कुपी झालेली असते. ही कुपी वटवाघळांसाठी आहे. ती झुंडीने येतात, कुप्या चावतात आणि या फुलावरून त्या फुलावर पराग नेतात. पहाटेपासून सकाळ वर येईपर्यंत कुप्या टपटप गळत राहतात. बकुळीसारखाच इथेही बीजकोश वर झाडावर शाबूत असतो. म्हणजे खाली पडलेले फूल वेचणारा माणूस झाडाचे काहीच हिरावून घेत नाही. ज्याचे काम संपले आहे तेवढेच तो उचलतो. फुलापासून साखर मिळते आणि पुढे फळ धरायचे ते धरतेच. शेतीच्या कुठल्याही पिकात अशी सवलत मिळत नाही.

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, मेळघाट, नंदुरबार, पालघर या पट्ट्यांत या दिवसांत अंधार असतानाच माणसे टोपल्या घेऊन निघतात. झाडे वाटलेली असतात. कुठले झाड कोणाच्या घराचे हे गावाला तोंडपाठ असते. वेचलेली फुले अंगणात पसरून वाळवली की ती तांबूस होतात आणि त्यांच्या वजनात निम्म्याहून जास्त साखर उरते. त्यांचे लाडू होतात, ती भाजून खातात, पिठात घालून भाकरीत जातात, गुरांना घालतात. एकोणिसाव्या शतकातल्या दुष्काळांत मोहाने माणसे जगवली, हे त्या काळच्या सरकारी नोंदींतही आढळते. पावसाच्या तोंडावर फळे पिकतात. त्यांच्या बिया म्हणजे कुठे टोळंबी, कुठे टोरी. बियांत तिसऱ्या हिश्शाहून अधिक तेल. ते थंडीत तुपासारखे थिजते. खायला, दिव्याला, अंगाला आणि पुढे साबणाला. पेंडेत सॅपोनिन असल्याने ती गुरांना तशीच घालता येत नाही, पण मत्स्यशेतीत तळ्यात नको असलेले मासे मारायला हेक्टरी अडीच टनांच्या हिशेबाने टाकतात. काही दिवसांत तिचा विषारीपणा ओसरतो आणि मागे खत राहते.

आणि दारू. तिचे नाव टाळून मोहावर लिहिणे हा दांभिकपणा होईल. आदिवासी घरात जन्म, लग्न, मयत, देवाचे कार्य यांतले काहीही मोहाच्या चार थेंबांशिवाय पुरे होत नाही. इंग्रजी अमदानीत अबकारी हे उत्पन्नाचे मोठे साधन झाले. मुंबई शहरासाठी उरणच्या भट्ट्यांत मोहाचीच दारू गाळली जात होती. फुले मुख्यतः गुजरातेतल्या पंचमहालातून येत. म्हणजे सरकारचा आक्षेप मोहाच्या दारूला नव्हता, कर न भरता घरी गाळलेल्या मोहाच्या दारूला होता. म्हणून 1892 चा मोहाचा कायदा आला. ठाणे-कुलाबा भागात फुले बाळगणे आणि विकणे यांवरच बंधन घातले गेले. झाडाचे फूल मुद्देमाल ठरले. स्वातंत्र्यानंतर तरी हे बदलावे, तर 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यानेही मोहफुलांवरचे नियंत्रण पुढे चालू ठेवले. घरात किती किलो फुले ठेवायची, एका गावाहून दुसऱ्या गावी न्यायची तर कोणाचा परवाना घ्यायचा, हे सगळे ठरलेले. या नियमांनी दारू थांबली नाही. थांबला तो खुला बाजार. फुले वेचणाऱ्याने ती हंगामातच पडेल भावाने व्यापाऱ्याला द्यायची आणि पावसाळ्यात गरज पडली की त्याच्याकडून चढ्या भावाने परत घ्यायची, असा चक्राकार तोटा पिढ्यान्‌पिढ्या चालला.

महाराष्ट्र सरकारने 2021 मध्ये फुले गोळा करणे, साठवणे आणि वाहतूक यांवरचे हे निर्बंध सैल केले. मध्य प्रदेशाने 2022 मध्ये आदिवासींनी गाळलेल्या मोहाच्या दारूला वारसा मद्य म्हणून मान्यता दिली. शेजारच्या गोव्यात काजूच्या फेणीला 2009 मध्येच भौगोलिक मानांकन मिळाले होते. काजू ब्राझीलहून आलेला, मोह इथलाच. फेणी पर्यटकांना अभिमानाने पाजायची आणि मोहाची बाटली सापडली की पंचनामा करायचा, या भेदाचे समर्थन मला तरी कुठल्या तर्काने करता येत नाही. अर्थात उद्या कारखानदार मोहात उतरले तर फायदा वेचणाऱ्यापर्यंत पोचेलच असेही नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजाची मालकी ग्रामसभांना दिली आहे. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले आणि वाट दिसली. मोहाचा व्यवहार त्या वाटेने गेला तरच त्याला अर्थ आहे.

दारूच्या वादात एक खरी अडचण मात्र झाकली जाते. पालापाचोळ्यात फुले दिसत नाहीत, म्हणून अनेक ठिकाणी झाडाखालचा पाला पेटवून जमीन साफ करतात. ती आग दरवेळी झाडाखालीच थांबत नाही. उन्हाळ्यातल्या कितीतरी वणव्यांचे मूळ इथे असते. पहाटेच्या अंधारात अस्वलेही याच फुलांसाठी आलेली असतात आणि वेचणाऱ्यांवर हल्ले होतात. झाडाखाली जाळी बांधली तर फुले मातीत पडत नाहीत, आगीची गरज उरत नाही आणि माल स्वच्छ असल्याने भाव बरा मिळतो. खर्च एका कुटुंबाला जड जातो, पण वणवा विझवण्याच्या खर्चापेक्षा तो नक्कीच कमी आहे.

दुसरी अडचण बियांची. फूल वेचल्याने झाडाचे काही जात नाही, बी वेचल्याने जाते. टोळंबी तेलासाठी शेवटच्या दाण्यापर्यंत गोळा होते, उरलेली रोपे आग आणि गुरे खातात. म्हणून गावागावांत म्हातारे मोह दिसतात, तरणे मोह क्वचित. त्यात परागीकरण करणाऱ्या वटवाघळांना आपण 1972 च्या वन्यजीव कायद्यात कावळे-उंदरांबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या अनुसूचीत टाकले होते. 2022 च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच गेली, हे बरे झाले.

या कुळात बीज संपत आल्याची एक प्रसिद्ध कथा आहे, पण ती खोटी निघाली. मराठी भाषकांचीही जुनी वस्ती असलेल्या मॉरिशसमध्ये तांबालाकोक नावाचे झाड आहे. त्याची तेरा म्हातारी झाडेच उरली आहेत आणि डोडो पक्ष्याच्या पोटातून गेल्याशिवाय त्याचे बी रुजत नाही, असे 1977 मध्ये एका संशोधकाने मांडले. कथा सुंदर होती, म्हणून पाठ्यपुस्तकांत गेली. पुढे झाडे तेराहून अधिक असल्याचे आणि बी डोडोविनाही रुजत असल्याचे दिसून आले. याउलट आपल्याकडे एक सुखद गोष्ट घडली आहे. केरळात 1835 मध्ये गोळा केलेली आणि नंतर कोणालाच न सापडलेली मोहाची एक जात 2020 मध्ये कोल्लम जिल्ह्यातल्या एका देवराईत उभी असलेली आढळली. देवाच्या नावाने राखली म्हणून ती उरली.

साध्या मोहाला अजून देवराईची गरज पडलेली नाही, पण लावणारे हात हवेत. त्याचे बी ताजे असतानाच रुजते. ठेवून दिले तर काही आठवड्यांत त्याची उगवणशक्ती जाते, म्हणून रोपवाटिकेसाठी पुढच्या वर्षाची वाट पाहण्यात अर्थ नाही. ज्यांच्या बांधावर, शाळेच्या आवारात किंवा गावठाणात जागा आहे त्यांनी फळे पडतील त्याच पंधरवड्यात बी मिळवावे, सोलून लगेच पिशवीत किंवा थेट जागेवर लावावे आणि पहिली तीन-चार वर्षे गुरांपासून व आगीपासून राखावे. ग्रामसभांनीही गोळा झालेल्या टोळंबीतला दहावा हिस्सा घाण्यावर न नेता मातीत घालायचा ठराव करावा.